पापाच्या कितीतरी आधी मरण होतं

कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात १९८९ साली सेंट्रोसॉरस नावाच्या शिंगवाल्या डायनोसॉरच्या पायाचं हाड सापडलं. एका टोकाला ते वेडंवाकडं फुगलेलं होतं. मोडून पुन्हा सांधलेलं हाड असावं, असं तेव्हा वाटलं. पुढे कर्करोगतज्ज्ञ आणि जीवाश्मतज्ज्ञ एकत्र बसले, हाडाचं सीटी स्कॅन केलं, पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि २०२० साली निदान प्रसिद्ध केलं: ऑस्टिओसार्कोमा. आजही वयात येणाऱ्या मुलांना गाठणारा हाडाचा कर्करोग. हा प्राणी सुमारे साडेसात कोटी वर्षांपूर्वी जगला. आपली मानवजात साधारण तीन लाख वर्षांची.

ख्रिस्ती श्रद्धा आणि विज्ञान हा विषय निघाला, की चर्चा बहुधा बायबलमधल्या सहा दिवसांच्या सृष्टिकथेपाशीच अडते. खरं तर तो प्रश्न त्यातल्या त्यात सोपा आहे. ते दिवस आपल्या चोवीस तासांचे धरू नयेत, असा विचार संत ऑगस्टीनने पाचव्या शतकाच्या सुरुवातीलाच मांडला होता. विश्व १३.८ अब्ज वर्षांचं आहे हे मान्य करायला कॅथलिक चर्चची हरकत नाही. अवघड जागा दुसरी आहे, आणि ती घट्ट बांधली त्याच ऑगस्टीनने: आदिपाप, म्हणजे पहिल्या माणसाचं, सगळ्या मानवजातीला वारशाने मिळालेलं पाप. रोमकरांना लिहिलेल्या पत्रात संत पौल म्हणतो, की एका माणसामुळे पाप जगात आलं आणि पापामुळे मरण. आदामाने आज्ञा मोडली म्हणून मरण आलं, आणि त्यातून सोडवण्यासाठी ख्रिस्त आला, अशी ही साखळी आहे.

तिची पहिलीच कडी जीवाश्म तोडतात. मरण, रोग, शिकार हे सगळं माणसाच्या आधी कोट्यवधी वर्षं चालू होतं. त्याहून बोचणारी गोष्ट अशी, की मरण नसतं तर माणूस घडलाच नसता. जुन्या पिढ्या जातात, नव्या येतात आणि त्यांच्यातल्या बारीक फरकांमधून निवड होत राहते. उत्क्रांती चालते ती अशी. ६.६ कोटी वर्षांपूर्वी लघुग्रह आदळून बहुतेक डायनोसॉर संपले नसते, तर सस्तन प्राण्यांना इतकी मोकळीक मिळाली नसती. आनुवंशिकीही आदाम-हव्वा अशा एकाच जोडप्याच्या बाजूने बोलत नाही. आज माणसांच्या जनुकांमध्ये जी विविधता दिसते, तिच्यासाठी पूर्वजांचा काही हजारांचा तरी समूह लागतो.

हा पेच अंगावर घेतला तो पिएर तेयार द शार्दँ या जेझुइट नावाच्या कॅथलिक संघातल्या फ्रेंच धर्मगुरूने. जन्म १८८१चा, पेशा जीवाश्मशास्त्राचा. पहिल्या महायुद्धात त्याने खंदकांमधून जखमी सैनिक वाहून नेले होते, त्यामुळे मरण त्याला पुस्तकातून कळलेलं नव्हतं. १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने आदिपापावर एक खासगी टिपण लिहिलं. त्याचा गाभा असा: आधी निर्दोष जग होतं आणि मग ते बिघडलं, हा क्रमच सोडून द्यावा. जग अजून घडतं आहे. अनेक सुट्या घटकांतून एकत्व घडत असताना चुका, दुःख आणि मरण अटळ आहेत. परिपूर्णता मागे हरवलेली नाही, ती पुढे आहे.

हे टिपण रोमला पोचलं. पॅरिसमधली त्याची अध्यापनाची जागा गेली, धर्मविचारावर छापायला मनाई झाली आणि त्याची रवानगी चीनला झाली. तिथे पेकिंग मानव या प्राचीन मानवाचे जीवाश्म जिथे सापडले, त्या झोउकोउदियानच्या उत्खननात त्याने भूशास्त्राचं मोलाचं काम केलं. १९३५ साली तो भारतातही आला आणि नर्मदेच्या खोऱ्यातले अश्मयुगीन थर त्याने तपासले. १९५५ साली ईस्टरच्या रविवारी न्यूयॉर्कमध्ये तो वारला. त्याचे मुख्य ग्रंथ त्यानंतरच छापले गेले, आणि १९६२ साली व्हॅटिकनने त्यांच्याबद्दल सावधगिरीचा इशारा दिला. एका प्रामाणिक श्रद्धावंताला इतकी वर्षं गप्प बसवलं गेलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

तरी त्याची सगळी मांडणी मला पटत नाही. उत्क्रांती अधिकाधिक जाणिवेकडे, एका अंतिम 'ओमेगा' बिंदूकडे चालली आहे, असं तो जवळजवळ वैज्ञानिक निष्कर्षासारखं सांगतो. जीवशास्त्रात अशी दिशा आढळत नाही. मेक्सिकोतल्या गुहांमध्ये अडकलेल्या माशांचे डोळे गेले, तीही उत्क्रांतीच.

इथे दुसरा धर्मगुरू आठवतो: महास्फोटाच्या कल्पनेचा जनक, बेल्जियमचा जॉर्ज लमेत्र. १९५१ साली पोप बारावे पायस यांनी विश्वाच्या आरंभाच्या सिद्धांतात निर्मात्याची साक्ष पाहिली, तेव्हा तो अस्वस्थ झाला. आपला सिद्धांत धर्माच्या प्रश्नांबाहेरचा आहे, असं त्याचं ठाम मत होतं. श्रद्धेला विज्ञानाचा पुरावा म्हणून टेकू दिला, की सिद्धांत बदलताच ती कोसळते. तेयारची आशा ही आशा म्हणूनच मोठी आहे.

चर्चही सरकलं, पण सावकाश. १९५० साली मानवी देहाच्या उत्क्रांतीवर संशोधन करायला मुभा मिळाली. मानवजात अनेक पूर्वजांपासून आली हे मात्र मानू नये, असं बजावलं गेलं, आणि कारण दिलं आदिपापाचंच. १९९६ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी उत्क्रांती ही निव्वळ गृहीतक राहिलेली नाही, असं म्हटलं. २००४ साली व्हॅटिकनच्या ईशज्ञान आयोगाने आफ्रिकेतल्या मानवसदृश समूहातून मानवजात उगवल्याचं आपल्या दस्तऐवजात नोंदवलं.

मग ख्रिस्त कशासाठी आला? मला वाटतं, याचं उत्तर परंपरेतच होतं. १३०८ साली वारलेल्या डन्स स्कोटस या ख्रिस्ती तत्त्वज्ञाचं म्हणणं होतं, की माणसाने पाप केलं नसतं तरी देव माणूस झाला असता, कारण सृष्टीशी एकरूप होणं हा त्याचा आधीपासूनचाच हेतू होता. तसं पाहिलं तर तारण, म्हणजे ख्रिस्ताने केलेली सुटका, ही निव्वळ बिघडलेल्याची दुरुस्ती राहत नाही, अपूर्ण सृष्टीची पूर्णता होते. आणि त्या पूर्णतेत एकटा माणूस नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१५च्या पर्यावरणविषयक परिपत्रकात लिहिलं, की इतर प्राण्यांचं अंतिम प्रयोजन माणूस नव्हे. तेही आपल्याबरोबर देवाकडे चालले आहेत. त्याच परिच्छेदाच्या तळटीपेत तेयारचं नाव आहे.