ठेंगण्या लायलॅकची छाटणी हिवाळ्यात नको

‘पानं गळली की लायलॅक छाटा, वसंतात भरभरून फुलेल’ हा थंड हवेतल्या या सुवासिक फुलझुडपाबद्दलचा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. तो चुकीचा आहे, आणि त्यापायी अनेकांचं झुडूप हिरवंगार असूनही वर्षभर फुलाविना राहतं.

‘पालिबिन’ किंवा ‘मिस किम’सारखी ठेंगणी लायलॅक मागच्या हंगामात वाढलेल्या फांद्यांवर फुलतात. फुलं ओसरल्यावर, उन्हाळ्यातच पुढच्या वर्षीच्या कळ्या तयार होऊ लागतात. हिवाळ्यात फांदीचं टोक जवळून बघा: तिथे टपोरे कोंब दिसतील. त्यातला एखादा नखाने उभा चिरला, तर आत इवल्याशा हिरव्या मण्यांचा घोस सापडतो. तेच वसंतातलं फूल. हिवाळ्यातली कात्री नेमकं तेच उडवते.

मग छाटायचं कधी? फुलं सुकली की लगेच, पुढच्या तीनचार आठवड्यांत. वाळलेले तुरे काढा, अगदी जुन्या, जाड फांद्यांपैकी फार तर एकतृतीयांश बुडाशी कापा. मेलेली फांदी मात्र कधीही काढावी. ‘पालिबिन’ मुळातच दीडेक मीटरपर्यंत वाढतं, त्याला दरवर्षी गोल कातरायची काहीच गरज नसते.

वेळेवर छाटूनही फूल येत नसेल, तर आधी ऊन मोजा. रोज किमान सहा तास थेट ऊन हवंच. नत्रयुक्त खताचा मारा थांबवा, त्याने नुसती पानं माजतात. मुळाशी पाणी साचू देऊ नका. आणि नवं रोप असेल तर घाई नको, त्याला बहरायला दोनतीन वर्षं लागू शकतात.