आधी कान, मग जीभ

इंग्रजीत पश्चिमेला ‘वेस्ट’ म्हणतात आणि शर्टाच्या आत घालायच्या बनियनलाही ‘वेस्ट’. देवनागरीत दोन्ही सारखेच, आणि आपल्यापैकी बऱ्याच जणांना ऐकूही सारखेच येतात. पश्चिमेच्या वेळी ओठांचा चंबू होतो, दातांचा काही संबंध नाही. बनियनच्या वेळी वरचे दात खालच्या ओठावर टेकतात आणि हवा घासत बाहेर येते. आपला ‘व’ या दोहोंच्या मधला. त्यात दात ओठाजवळ जातात, पण घासत नाहीत.

कानाची ही सवय पाळण्यातच लागते. कॅनडातल्या जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ साली इंग्रजी घरांतल्या तान्ह्या बाळांना हिंदीतले ‘ट’ आणि ‘त’ ऐकवले. आवाज बदलल्यावर बाळानं मान वळवली, की बाजूचं खेळणं उजळून हलायला लागायचं. ६ ते ८ महिन्यांच्या बहुतेक बाळांना फरक कळत होता, १० ते १२ महिन्यांच्या फार थोड्यांना. ‘तुम्ही’चं ‘टुम्ही’ करणाऱ्या साहेबाला आपण हसतो खरे, पण आपल्या ‘व’चीही गत तीच.

मोठेपणी हा कान पुन्हा तयार होतो का? थोडाफार होतो. जपानी माणसाला इंग्रजीतले ‘र’ आणि ‘ल’ नीट वेगळे काढता येत नाहीत, म्हणून अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात सहा जपानी लोकांना सुमारे तीन आठवडे शब्दांच्या जोड्या ऐकवल्या. शब्द ऐकायचा, दोनांपैकी एक बटण दाबायचं, बरोबर की चूक ते लगेच कळायचं. १९९१ साली छापलेल्या या प्रयोगात बरोबर उत्तरं सुमारे ७८ टक्क्यांवरून ८६ टक्क्यांवर गेली. हा काही चमत्कार नव्हे. मात्र खरी मेख पुढच्या प्रयोगात सापडली: एकाच माणसाच्या आवाजावर सराव केलेल्यांची अनोळखी आवाज आला की पंचाईत व्हायची, पाच जणांच्या आवाजांवर तयार झालेल्यांची होत नसे. १९९७ मध्ये तर असंही दिसलं, की नुसतं ऐकून तयार झालेल्या जपानी लोकांचा उच्चारही सुधारला. बोलण्याचा सराव त्यांना कुणी दिलाच नव्हता.

म्हणून इंग्रजीचं अ‍ॅप घेताना मी धड्यांची संख्या बघत नाही, आवाज किती आहेत ते बघतो. एकाच गोड आवाजात सगळा कोर्स असेल तर शब्द वाढतील, कान तिथंच राहील. ‘यूग्लिश’ या संकेतस्थळावर शब्द टाकला की तो निरनिराळ्या माणसांच्या तोंडून, यूट्यूबच्या व्हिडिओंमधून ऐकायला मिळतो. परीक्षा मात्र ते घेत नाही. ती घरातल्या कुणाकडून तरी घ्यावी: त्यानं पडदा आपल्यापासून लपवून दोनांपैकी एक शब्द वाजवायचा, आपण ओळखायचा, आणि चुकलं तर तिथल्या तिथे सांगायचं.

फोनच्या व्हॉइस टायपिंगवर फार विसंबू नये. ते आजूबाजूच्या शब्दांवरून अंदाज बांधतं, त्यामुळे ‘सूर्य वेस्टला मावळतो’ हे वाक्य इंग्रजीत कसंही म्हणा, पडद्यावर पश्चिमच उमटण्याची शक्यता जास्त. सुटा शब्द बोलून पाहा.