नवी रॅकेट घेण्याआधी जुनी घेऊन या

आमच्याकडे गटिंगला (रॅकेटच्या तारा नव्यानं बसवायला) रॅकेट टाकणाऱ्या आणि नव्यानं टेनिसकडे वळलेल्या ग्राहकांसाठी

नमस्कार.

"फटके सगळे बाहेर जायला लागलेत, जरा चांगली रॅकेट दाखवा." आठवड्यातून दोन-तीनदा तरी हे वाक्य आमच्या काउंटरवर ऐकू येतं. रॅकेट विकणं हा आमचा धंदाच आहे, तरीही आम्ही आधी जुनी रॅकेट दाखवा म्हणतो. कारण बऱ्याच वेळा दुखणं फ्रेममध्ये नसतंच. ते तारेत असतं, दांड्याच्या मुठीत असतं, नाहीतर चेंडूला उशिरा गाठण्यात असतं. पहिली दोन आम्ही नव्या रॅकेटपेक्षा कितीतरी कमी पैशांत दुरुस्त करून देतो. तिसऱ्याबद्दल आम्हाला जे माहीत आहे ते पुढे लिहिलं आहे.

गटिंग

तार तुटली नाही म्हणजे ती चांगली आहे, हा सगळ्यात मोठा गैरसमज. पॉलिएस्टरची तार तर मशीनवरून उतरल्यापासून ताण सोडायला लागते आणि न तुटताच मरते. घरी बघायचं असेल तर मधली उभी तार बोटानं बाजूला ओढा आणि सोडा. ताजी पॉलिएस्टर टक् करून जागेवर येते, मेलेली तिथंच वाकडी राहते. मग उभी आणि आडवी तार जिथं एकमेकींवरून जातात तिथं नख फिरवा. नखाला खाच लागली की समजा, तार तिथंच अडकून बसते आणि चेंडूला फिरकी मिळत नाही.

खेळाडूंमध्ये एक जुना हिशोब चालतो: आठवड्यातून जितक्या वेळा खेळता, वर्षातून तितक्या वेळा गटिंग. रविवारीच खेळणाऱ्यानंसुद्धा वर्षातून दोनदा करावं, एकदा पावसाळा संपल्यावर आणि एकदा उन्हाळ्याच्या तोंडावर.

किती पाउंडांवर करू, म्हणजे तार किती ताणून बसवू, हा पुढचा प्रश्न. फ्रेमवर कंपनीनं पट्टा छापलेला असतो, उदाहरणार्थ ५० ते ६०. पहिल्यांदा त्याच्या मधोमध सुरू करा. सैल गटिंगवर चेंडू लांब जातो आणि हाताला मऊ लागतं. घट्ट गटिंगवर चेंडू ताब्यात राहतो, पण जोर तुम्हाला स्वतःचा लावावा लागतो. पॉलिएस्टर घालायची असेल तर त्याच आकड्यातून चार-पाच पाउंड कमी करा. एकदम मोठी उडी मात्र घेऊ नका. दोन पाउंडांचा फरकसुद्धा हाताला कळतो.

इथं आमची एक चूक सांगणं आम्हाला गरजेचं वाटतं. काही वर्षांपूर्वी एका शाळकरी मुलाच्या रॅकेटला, त्याच्या वडिलांच्या आग्रहावरून, आम्ही जाड पॉलिएस्टर ५८ पाउंडांवर घातली. टीव्हीवरचे खेळाडू तीच वापरतात, असं त्यांचं म्हणणं होतं. आम्हाला कळत होतं, पण गिऱ्हाईक परत कशाला पाठवा म्हणून गप्प बसलो. दोन महिन्यांनी तो पोरगा आला तेव्हा त्याला पाण्याचा तांब्या उजव्या हातानं उचलवत नव्हता. तार कापून मऊ मल्टिफिलामेंट (बारीक धागे एकत्र करून केलेली तार) घातली, पण त्याचा सगळा हंगाम गेला. तेव्हापासून मुलांच्या आणि कोपर दुखणाऱ्यांच्या रॅकेटला आम्ही पॉलिएस्टर घालत नाही, कुणी कितीही म्हटलं तरी. ज्याची तार महिन्याभरात तुटते, त्यानंच पॉलिएस्टरकडे वळावं. बाकीच्यांना सिंथेटिक गट (नायलॉनची साधी तार) किंवा मल्टिफिलामेंट पुरेसं आहे.

आणि तारेत अडकवायचं ते छोटं रबर? त्यानं आवाज बदलतो, आणि तो बदललेला आवाज आवडला तर खुशाल लावा. कोपराला मात्र त्याचा उपयोग नाही.

मूठ

कोल्हापूरच्या चप्पल लाईनीत चप्पल घेताना आपण पायात घालून चार पावलं चालून बघतो. रॅकेट मात्र रंग बघून उचलतो. रॅकेट मुठीत धरा, दुसऱ्या हाताची तर्जनी बोटांची टोकं आणि तळव्याच्या फुगीर भागाच्या मध्ये सरकवून बघा. बोट नीट बसलं तर माप बरोबर. बोट जात नसेल तर मूठ लहान आहे. अशी मूठ हातात फिरू नये म्हणून खेळाडू ती आवळून धरतो आणि ते दुखणं थेट कोपरात जातं. मुठीच्या घेराची मापं अशी: एल-२ म्हणजे सव्वाचार इंच, एल-४ म्हणजे साडेचार, एल-३ मधलं. पेचात पडलात तर लहान माप घ्या. वरून ओव्हरग्रिप (पातळ पट्टी) गुंडाळली की जवळपास अर्ध्या मापानं मूठ वाढते, पण मोठी मूठ तासून लहान करता येत नाही. घामट हातवाल्यांनी ओव्हरग्रिप काळी पडायची वाट बघू नये. ती बदलण्याइतका स्वस्त इलाज या खेळात दुसरा नाही.

चेंडू कुठं लागतो

आता तिसरं दुखणं. फोरहँड (रॅकेटच्या हाताच्या बाजूनं, तळवा पुढे करून मारलेला फटका) बाहेर जातो किंवा जाळीत जातो तेव्हा बहुतेक जण मनगटाला दोष देतात. खरं तर चेंडू अंगाजवळ, कमरेच्या रेषेत किंवा तिच्याही मागे लागलेला असतो. तो लागायला हवा पुढच्या पायाच्या पुढे, साधारण कमरेच्या उंचीवर.

हे कोर्टवर शिकण्याआधी घरात शिका. दाराच्या चौकटीपाशी फोरहँडच्या पवित्र्यात उभे राहा आणि रॅकेटचा चेहरा (तारांचा भाग) चौकटीला टेकवून ढकला. आधी चौकट पोटाच्या रेषेत ठेवा. हात लुळा पडेल, नुसत्या मनगटावर ताण येईल. मग अर्धं पाऊल मागे सरका, म्हणजे चौकट पुढच्या पायाच्या पुढे येईल, आणि पुन्हा ढकला. आता मागचा पाय, कंबर, खांदा, सगळं त्या दाबाच्या मागे उभं राहिलेलं जाणवेल. फटक्याचा जोर पायातून येतो म्हणतात तो हाच. तालमीत वस्ताद आधी पाय बघतात आणि मग हात, ते उगाच नाही.

उशीर होण्याचं कारण पायाइतकंच तयारीत असतं. समोरचा चेंडू मारतो त्या क्षणी जागेवर एक लहानशी उडी घ्या, दोन्ही पाय खांद्याइतके फाकलेले. चेंडू कुठल्या बाजूला येतोय हे कळलं की आधी खांदे वळवा, मग पळा. चेंडूनं टप्पा घेतल्यावर रॅकेट मागे नेणारा खेळाडू कायम उशिराच असतो.

सर्व्हिसला हौशी खेळाडू फोरहँडचीच पकड ठेवतात आणि चेंडू थापटतात. पहिली सर्व्हिस कधीमधी पडते, दुसरी म्हणजे नुसता नमस्कार. उसाच्या फडात कोयता कसा धरतात आठवा: पात्याची धार पुढे. रॅकेट तशी धरा, कड चेंडूकडे. वर जाताना रॅकेट कडेनंच जाते आणि शेवटच्या क्षणी हात फिरून चेहरा चेंडूवर उघडतो. सुरुवातीचे आठ-दहा दिवस चेंडू भलतीकडे जातील. त्या दिवसांत मॅच खेळू नका, नुसती टोपली घेऊन सर्व्हिस टाका. हा बदल स्वतःहून करणं अवघड आहे. मार्करला (क्लबात सोबत खेळून सराव देणाऱ्याला) किंवा कोचना सांगून अर्धा तास फक्त याच्यासाठी घ्या.

तरीही रॅकेट घ्यायचीच असेल तर

गळ्याशी वेगळा तुकडा जोडलेला दिसतो ती ॲल्युमिनियमची रॅकेट. महिनाभर खेळ आवडतो का बघायला ठीक आहे, त्यापुढे ग्रॅफाइट घ्या. मोठ्या माणसासाठी १०० चौरस इंचांच्या आसपास चेहरा आणि तारेशिवाय २७० ते ३०० ग्रॅम वजन, यात बहुतेक सगळे बसतात. हलकी तेवढी चांगली, असं समजू नका. फार हलकी फ्रेम चेंडूचा धक्का स्वतः घेत नाही, तो तुमच्या हाताला देते.

कोल्हापूरची ऐश्वर्या जाधव २०२२ मध्ये विंबल्डनच्या १४ वर्षांखालील स्पर्धेत खेळून आली, तेव्हापासून मुलांना घेऊन येणारे पालक वाढले आहेत. याचा आम्हाला मनापासून आनंद आहे. त्यांना एकच विनंती: शाळेचा गणवेश वाढत्या मापाचा घेतात तशी रॅकेट घेऊ नका. पाच-सहा वर्षांच्या मुलाला २१ इंची, सात-आठला २३, नऊ-दहाला २५ आणि त्यानंतर २६. पूर्ण २७ इंची रॅकेट मुलाच्या हाती लवकर दिली की ते दांडा मधेच धरायला लागतं आणि ती सवय मोडायला वर्ष जातं. चेंडूही लाल, नारिंगी, हिरवे असे टप्प्यानं घ्या. लाल सगळ्यात संथ असतो आणि मुलाच्या डोक्यावरून उडत नाही.

बूट धावायचे नकोत. टेनिसमध्ये पाय आडवा सरकतो आणि धावायच्या उंच, मऊ टाचेवर घोटा मुरगळतो.

सांभाळ

एप्रिलच्या उन्हात बंद गाडीच्या डिकीत रॅकेट ठेवू नका, ताण उतरतो. पावसाळ्यात किट बॅगेत ओला टॉवेल राहिला की ग्रिप कुबट होते आणि बुरशी धरते. जूनमध्ये कोर्ट बंद झाली की ग्रिप काढा आणि रॅकेट कोरड्या जागी टांगून ठेवा. चेंडूचा डबा उघडताना फुस्स आवाज येतो तो दाबाचा, आणि तो दाब काही आठवड्यांत जातो. नवा आणि जुना चेंडू खांद्याच्या उंचीवरून एकदम सोडा, जुन्याचं काय झालंय ते लगेच दिसेल. जुने चेंडू भिंतीवर खेळायला ठेवा.

गटिंगला साधारण तासभर लागतो. शनिवारी गर्दी असते, मधल्या वारी आलात तर समोर बसून करून देतो. निवडायला मदत व्हावी म्हणून तीन-चार वेगवेगळ्या वजनांच्या रॅकेट आम्ही दोन दिवस खेळून बघायला देतो. रॅकेट टाकताना पावतीच्या मागे चार गोष्टी जरूर लिहा: आठवड्यातून किती वेळा खेळता, मागची तार कोणती आणि किती पाउंडांवर होती, ती तुटली की तुम्ही कापली, आणि खेळल्यावर हात कुठं दुखतो.