वाळवंटात ऊन भरपूर, तरी बॅटरी का भरेना?

"आभाळात ढगाचा ठिपका नाही, मग बॅटरी रात्री दहालाच कशी मान टाकते?" नाताळच्या आठवड्यात दादानं मला हे ॲरिझोनात विचारलं. त्याच्या मोटारहोममधून आम्ही फिनिक्सहून क्वार्ट्झसाइटला आलो होतो. उत्तरेकडच्या बर्फाला कंटाळलेली माणसं हिवाळ्यात आपली चाकांवरची घरं आणून इथल्या सरकारी मोकळ्या जमिनीवर महिनोन्‌महिने राहतात. विजेची जोडणी नाही, ज्याची त्याची भिस्त छतावरच्या सोलर पॅनेलवर. हीटर गॅसवर चालतो, पण त्याचा पंखा बॅटरीवर. तो बंद पडला आणि आम्ही तिघं, वहिनीसुद्धा, रजया गुंडाळून बसलो.

दादाचा समज बऱ्याच जणांचा असतो : वाळवंट म्हणजे कडक ऊन, म्हणजे भरपूर वीज. पण पॅनेलला उष्णता नको, प्रकाश हवा. उलट 25 अंश सेल्सिअसच्या वर सिलिकॉनचं पॅनेल जसं तापेल, तशी दर अंशामागे त्याची ताकद साधारण 0.4 टक्क्यानं घटते. डिसेंबरची थंड हवा त्याला मानवते. खोट होती ती कोनात.

क्वार्ट्झसाइट 33.7 अंश उत्तर अक्षांशावर आहे. 22 डिसेंबरच्या सुमारास तिथं भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून जेमतेम 33 अंश वर चढतो. आता उन्हाची एक मीटर रुंद पट्टी डोळ्यांसमोर आणा. ती समोरून पॅनेलवर पडली तर एक मीटरमध्येच मावेल. सपाट छतावर मात्र ती तिरकी पडून जवळजवळ 1.84 मीटरवर पसरते. ऊन तेवढंच, वाटेकरी वाढले. दहावीच्या त्रिकोणमितीतला कॉस थीटा तो हाच. पॅनेलचं तोंड सूर्यापासून 57 अंश फिरलेलं, आणि कॉस 57 म्हणजे सुमारे 0.54. थेट उन्हाचा जवळपास निम्मा वाटा हातचा गेला.

मला या कॉसचं फार प्रेम आहे, आणि ते त्याच्या आकारामुळे. टेकडीच्या माथ्यावर चार पावलं इकडेतिकडे झाली तरी उंची फारशी बदलत नाही, उतारावर मात्र प्रत्येक पाऊल जाणवतं. कॉसचा वक्र तसाच आहे. भर दुपारच्या थेट उन्हाचा हिशोब करून पाहा. पॅनेल आडवं असेल तर 54 टक्के. 15 अंश उचललं की 74. 30 अंशांवर 89. 45 अंशांवर 98. पुढचे 12 अंश नेमके साधून पूर्ण 57 केले, तर वाढतात फक्त दोन टक्के! पहिल्या 15 अंशांनी 20 टक्के दिले आणि शेवटच्या 12 अंशांनी दोन. म्हणून सूर्याच्या मागे फिरणाऱ्या मोटारी आणि अंशाच्या दशांशापर्यंत कोन सांगणारी ॲप यांच्या जाहिरातींना भुलू नका. छतावर हवेत दोन बिजागऱ्या आणि दोन टेकू.

दादाची पॅनेलं बिजागरीवरचीच होती, त्यानं ती कधी उचलली नव्हती. अडचण अशी की छत लांबट असल्यामुळे पॅनेल गाडीच्या उजव्या किंवा डाव्या कुशीवरच उचलता येतं. गाडी उत्तर-दक्षिण उभी होती, म्हणजे पॅनेलची तोंडं पूर्वेला नाहीतर पश्चिमेला झाली असती. गाडी वळवून पूर्व-पश्चिम लावली, शिडीवरून वर चढलो, टेकू लावून नट आवळले. खाली वहिनी कंट्रोलरचा, म्हणजे पॅनेलची वीज बॅटरीत भरणाऱ्या डबीचा, आकडा वाचत होती : 190 वॅट... 250... 335. पॅनेलं दोनशे-दोनशे वॅटचीच, ऊन तेच.

दक्षिण यमाची दिशा म्हणून घराचं दार तिकडे नको म्हणणारी माणसं माझ्याच नात्यात आहेत. पण महाराष्ट्रात काय किंवा ॲरिझोनात काय, हिवाळ्यातला दुपारचा सूर्य दक्षिणेलाच असतो, आणि छतावरचं पॅनेल तिकडेच वळवावं लागतं. पुण्यात डिसेंबरमध्ये दुपारचा सूर्य 48 अंशांपर्यंत चढतो, त्यामुळे तिथं आडव्या पॅनेलचं नुकसान कमी, सुमारे 26 टक्के. मे महिन्याच्या मध्यावर शून्य सावलीच्या दिवशी सूर्य डोक्यावर येतो, तेव्हा आडवंच उत्तम.

कोन जमला की सावलीकडे बघायचं. हिवाळ्यात छतावरच्या 30 सेंटिमीटर उंच एसीची सावली दुपारीही 46 सेंटिमीटर पडते. पॅनेलमधले सेल एकामागोमाग जोडलेले असतात, त्यामुळे एका सेलवर सावली आली तरी सगळ्या रांगेचा प्रवाह अडतो. बायपास डायोड तेवढी रांग वगळून बाकीचं पॅनेल वाचवतो, पण त्या रांगेची वीज गेलीच. आमच्या एका पॅनेलचा कोपरा तीननंतर असाच झाकला जात होता.

उचललेलं पॅनेल वाऱ्यात शिडासारखं वागतं. ताशी 60 किलोमीटरच्या वाऱ्यात चौरस मीटरभर पॅनेलवर 15 ते 20 किलोंचा रेटा येतो, आणि तो सगळा छतातल्या चार-सहा स्क्रूंवर. तिसऱ्या रात्री अकराला वारा सुटला. हीटरचा पंखा चालू होता. दादा आणि मी टॉर्च घेऊन वर चढलो, नट सैल केले आणि दोन्ही पॅनेलं निजवली.