मामांची पेढी, शिळाप्रेस आणि प्रार्थनेची ओटी : कोकण किनाऱ्यावरच्या बहाई जीवनाची पार्श्वभूमी

बहाई हा एकोणिसाव्या शतकात इराणात उगम पावलेला धर्म. बहाई कुटुंबाच्या घरी पहिल्यांदा गेलेला माणूस सवयीने देव्हारा शोधतो. तो सापडत नाही. मूर्ती नसते, धर्मसंस्थापकाचं चित्रही नसतं. पांढऱ्या दाढीच्या अब्दुल-बहांचा, म्हणजे धर्मसंस्थापक बहाउल्लांच्या मुलाचा, फोटो बहुधा असतो आणि त्याच्या आसपास एक तसबीर असते. तिच्यात फारसी वळणाची लांब, झोकदार अक्षरं एकमेकांत गुंफलेली असतात. ‘या बहाउल-अभा’ ही ती अक्षरं. ईश्वराच्या तेजाला घातलेली ती हाक आहे. जगभरच्या बहाई घरांतून दिसणारी ही आकृती मिश्कीन-कलम या इराणी सुलेखनकाराने सिद्ध केली. त्याच्या हातचं अक्षर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईत छापलं जात होतं हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

आज किनाऱ्यावरच्या एखाद्या बहाई घरात ओटीवर प्रार्थना सभा भरते, पडवीत बालवर्ग चालतो, कुणी पेटी काढून प्रार्थनेला चाल लावतं. हे सगळं अलीकडचं वाटतं खरं, पण त्याच्या मुळाशी दीडशे वर्षांची दर्याची वाट आहे.

कोकणाला इराण कधीच परका नव्हता. चौल आणि दाभोळ या बंदरांत होर्मुझकडून घोडे उतरत. आपल्या तोंडातला ‘दर्या’ फारसी, ‘बंदर’ फारसी आणि कोळीवाड्यातला ‘नाखवा’ही फारसी ‘नाखुदा’वरून आलेला. पुढे व्यापार मुंबईत एकवटला आणि इराणच्या आखातातल्या बुशहर बंदरातून मुंबईला जा-ये वाढली.

याच बुशहरमध्ये शिराझचा एक तरुण व्यापारी मामांच्या पेढीच्या कामावर आला होता. सैय्यद अली मोहम्मद त्याचं नाव, जन्म १८१९ चा. मे १८४४ मध्ये त्याने आपण नव्या युगाचं ‘द्वार’ म्हणजे ‘बाब’ असल्याचं जाहीर केलं. सहा वर्षांनी, ९ जुलै १८५० रोजी, तबरीझ शहरात त्याला गोळ्या घालून मारण्यात आलं. त्याच्या पहिल्या अठरा शिष्यांमध्ये ‘हिंदी’ म्हणून ओळखला जाणारा एक सईद होता, म्हणजे हिंदुस्थानचा धागा अगदी पहिल्या ओळीतच गुंफलेला आहे. बाबने ज्याच्या येण्याची वाट पाहायला सांगितली, ते आपणच असं तेहरानच्या मिर्झा हुसैन अली नूरी यांनी १८६३ मध्ये बगदादजवळच्या एका बागेत जवळच्या अनुयायांना सांगितलं. तेच बहाउल्ला. बगदाद, इस्तंबूल, एदिर्ने आणि शेवटी १८६८ मध्ये अक्का, असा त्यांचा हद्दपारीचा प्रवास झाला. २९ मे १८९२ ला अक्काजवळच त्यांचं निधन झालं.

आता पुन्हा मामांच्या पेढीकडे. बाबच्या आजोळच्या घराण्याला ‘अफनान’ म्हणतात. या घराण्यातल्या काहींनी मुंबईत व्यापाराची पेढी थाटली. १८७२ च्या सुमारास बहाउल्लांनी धर्मप्रसारासाठी पाठवलेले जमाल एफेंदी मुंबईत उतरले ते याच ओळखीवर, आणि तिथून पुढे हिंदुस्थानभर आणि ब्रह्मदेशापर्यंत फिरले. पण मुंबईचं मोठं काम माझ्या मते प्रवासाचं नाही, छपाईचं आहे.

इराणात हे ग्रंथ छापणं म्हणजे जिवाशी खेळ. नुसती हस्तलिखित प्रत घरात सापडली तरी माणूस संकटात येई. मुंबईत मात्र शिळाप्रेस जोरात होते. मराठी वाचकाला ही गोष्ट समजायला सोपी जाईल, कारण गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये पंचांग छापलं ते शिळाप्रेसवरच. पंचांग असो, मोडी असो की फारसी, तंत्र एकच. तेलकट शाईने लिहिलेला मजकूर गुळगुळीत दगडावर उलटा उतरवायचा, दगड ओला करायचा आणि शाईचा रूळ फिरवायचा. ओल्या जागी शाई धरत नाही, अक्षरावर मात्र बसते. फारसीच्या नस्तालीक वळणाची तिरकी, एकमेकांवर झुकलेली अक्षरं शिशाच्या खिळ्यांत बसवणं महाकठीण. शिळेवर मात्र लेखकाच्या हाताचा झोक जसाच्या तसा उमटतो. म्हणून या धर्माच्या पहिल्या छापील ग्रंथांत मजकुराइतकंच हस्ताक्षराला मोल आलं.

१८८२ मध्ये ‘किताब-ए-इकान’ हा बहाउल्लांचा ग्रंथ मुंबईत छापला गेला. त्याच सुमारास इराणच्या उन्नतीवरचा अब्दुल-बहांचा निबंध लेखकाच्या नावाशिवाय मुंबईतच निघाला. १८९० च्या आसपास ‘किताब-ए-अकदस’ हा धर्मनियमांचा ग्रंथही इथेच छापून झाला. अफनान मंडळींनी पुढे स्वतःचा नासिरी छापखाना चालवला. मिश्कीन-कलमच्या अक्षरातले खंड त्या काळात मुंबईत निघाले, आणि म्हातारपणी, १९०५ च्या सुमारास, तो स्वतः याच कामासाठी मुंबईला आला. सायप्रसच्या कैदेत वर्षानुवर्षं काढलेला तो माणूस. तुरुंगात ज्याच्या हातातली लेखणी सुटली नाही, त्याचं अक्षर आपल्या किनाऱ्यावरच्या दगडावरून जगात गेलं, हे वाचताना आजही अंगावर काटा येतो.

‘अकदस’मध्ये या लेखाच्या दृष्टीने महत्त्वाच्या दोन गोष्टी आहेत. त्यात संगीताला मोकळीक आहे. संगीत ही आत्म्याला वर नेणारी शिडी आहे असं तिथे म्हटलं आहे, फक्त ऐकणाऱ्याने मर्यादा सोडू नये एवढी अट. आणि या धर्मात पुरोहित नाही. प्रवचन देणारा बुवा नाही, पूजा सांगणारा भटजी नाही. म्हणजे प्रार्थना म्हणायची कुणी, तर घरातल्यांनी. चाल कुणी लावायची, मुलांना कुणी शिकवायचं, तर शेजारपाजारच्यांनी. सेवेच्या भावनेने केलेलं काम ही उपासनाच, असं बहाउल्लांनी लिहिलं आहे. त्यामुळे सुताराचा रंधा आणि चित्रकाराचा कुंचला एकाच पंगतीत बसतात. बहाई सामुदायिक जीवनाला घरगुती, हाताने केलेल्या वस्तूसारखा पोत आहे तो या दोन गोष्टींमुळे.

छापखान्यानंतर माणसं आली. यझ्द आणि आसपासच्या झरतुष्ट्री लोकांवर इराणात जाच होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ते मुंबईला येत राहिले. हॉटेलं काढणारे, बेकऱ्या चालवणारे, डहाणू-घोलवडला चिकूच्या बागा लावणारे हे इराणी आपल्या चांगल्या परिचयाचे. त्यांच्यातल्या काही कुटुंबांनी इराणात किंवा इथे आल्यावर बहाई धर्म स्वीकारला होता. यझ्दमध्ये १८९१ आणि १९०३ मध्ये बहाईंच्या कत्तली झाल्या, ती आठवण मुंबई-पुण्याच्या अनेक घरांनी उरात जपली.

स्थानिक माणसंही जोडली जाऊ लागली. सुरतेचे नारायणराव रंगनाथ शेठजी वकील १९०९ मध्ये बहाई झाले. हिंदू घरातून आलेले ते हिंदुस्थानातले पहिले बहाई मानले जातात. डिसेंबर १९२० मध्ये पहिलं अखिल भारतीय बहाई अधिवेशन मुंबईत भरलं आणि १९२३ मध्ये धर्माचा कारभार पाहणारी भारत आणि ब्रह्मदेशाची राष्ट्रीय आध्यात्मिक सभा निवडली गेली. ही निवडणूक कशी होते ते सांगायलाच हवं. उमेदवार नाही, प्रचार नाही, चिठ्ठीवर गुप्तपणे नऊ नावं लिहायची. गावपातळीवरची स्थानिक आध्यात्मिक सभाही याच पद्धतीने दरवर्षी एप्रिलमध्ये, रिझवानच्या, म्हणजे बहाउल्लांच्या बागेतल्या त्या घोषणेच्या सणाच्या, दिवसांत निवडतात. ज्यांनी ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत भाऊबंदकी फाटताना पाहिली आहे, त्यांना या शांत पद्धतीचं मोल वेगळं समजावून द्यावं लागणार नाही.

याच मुंबईत १९०५ मध्ये इराणी बहाई आईबापांच्या पोटी शिरीन फोजदार जन्मल्या. स्त्री-पुरुष समता हे बहाई शिकवणीतलं ठाम तत्त्व आहे. मुलगा आणि मुलगी दोघांना शिकवणं परवडत नसेल तर आधी मुलीला शिकवा, कारण ती पुढे आई होणार, असं ती शिकवण सांगते. शिरीनबाई १९५० मध्ये सिंगापूरला गेल्या, तिथे बायकांना एकत्र केलं आणि बहुपत्नीत्वाविरुद्ध लढल्या. १९६१ मध्ये सिंगापूरमध्ये स्त्रियांच्या हक्कांचा कायदा झाला, त्यामागे त्यांची अनेक वर्षांची धडपड होती.

किनाऱ्यावरच्या माणसाला बहाई नाव बहुधा ऐकू येतं ते घाटावरून. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वर गाठलं की पुढे पाचगणी. तिथे १९४५ मध्ये बहाईंनी न्यू एरा शाळा सुरू केली. देशोदेशीची मुलं तिथे एकत्र शिकली. शाळेला जोडून पुढे आसपासच्या खेड्यांतलं विकासाचं कामही उभं राहिलं.

गाण्याला मोठी चालना मिळाली ती मात्र माळव्यात. १९६१ नंतर मध्य प्रदेशातल्या खेड्यांतून हजारो लोक या धर्माकडे वळले आणि त्यांनी आपल्या ओळखीच्या भजनाच्या चालीत बहाउल्लांची गाणी रचली. खेड्यातल्या माणसाने नवा विचार आपल्या टाळ-ढोलकीवर बसवून घेतला, हा या इतिहासातला मला सर्वांत प्रिय भाग आहे. दिल्लीचं कमळाच्या आकाराचं मंदिर २४ डिसेंबर १९८६ ला समर्पित झालं. फरीबोर्झ साहबा त्याचे वास्तुकार. संगमरवराने मढवलेल्या सत्तावीस पाकळ्या, नऊ बाजू. त्या मंदिराच्या सभागृहात वाद्य वाजत नाही, फक्त माणसाचा कंठ. घरच्या सभेला ते बंधन नाही, तिथे पेटी आणि टाळ दोन्ही चालतात.

आज बालवर्ग, बारा ते पंधरा वर्षांच्या मुलांचे किशोर गट, अभ्यास मंडळं आणि प्रार्थना सभा अशी जी चौकट दिसते, ती कोलंबियातल्या रूही संस्थेच्या कामातून घडली आणि १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून जगभर पसरली. या चारही ठिकाणी इतर धर्मांच्या शेजाऱ्यांना दार उघडं असतं. पाठांतर, गोष्ट, चित्र, छोटी नाटुकली हे सगळं त्यात येतं. नमन-खेळे, जाखडी, दशावतार पाहत वाढलेल्या आणि ओव्या-भजनांत मुरलेल्या कोकणाला हे शिकवावं लागत नाही. माझं एवढंच मागणं आहे की प्रार्थनांचं मराठी आणखी घरगुती व्हावं आणि आगरी-मालवणी बोलींतही नवी गाणी यावीत. पुस्तकी शब्दांपाशी आजी अडखळते. चालीवर आलेलं मात्र तिला एकदा ऐकून पाठ होतं.

या जीवनाचा ताल बाबने घालून दिलेल्या पंचांगावर चालतो. एकोणीस दिवसांचा महिना, असे एकोणीस महिने, म्हणजे ३६१ दिवस, आणि उरलेले चार-पाच दिवस दानधर्माचे आणि पाहुणचाराचे. त्यानंतरचा महिना उपवासाचा आणि मार्चच्या २० किंवा २१ तारखेला नवरोज, म्हणजे नववर्ष. दर महिन्याच्या आरंभी सारे एकत्र जमतात. आधी प्रार्थना, मग गावकीसारखा मोकळा विचारविनिमय, शेवटी चहापाणी. हा तिसरा भाग उरलासुरला समजू नये. यजमानाने हौसेने केलेले लाडू-खांडवी हाही त्या सभेचा नेमलेला भाग आहे.

आणि एक सुरेख योग. बाब आणि बहाउल्ला यांचे जन्मदिवस २०१५ पासून जगभर चंद्रावरून ठरतात. नवरोजनंतरच्या आठव्या अमावास्येनंतरचे दोन दिवस. आपली लक्ष्मीपूजनाची अमावास्या बहुतेक वर्षी हीच असते. २०२० आणि २०२३ मध्ये ही आठवी अमावास्या दिवाळीच्या महिनाभर आधी आली आणि बाबचा जन्मदिवस नवरात्राच्या दुसऱ्या माळेला पडला. पण २०२४ मध्ये आणि २०२५ मध्येही बहाउल्लांचा जन्मदिवस नेमका भाऊबीजेला होता. चाकरमानी गावी आलेले, फराळाचे डबे भरलेले, दारात कंदील, अशा घरात त्या संध्याकाळी भाऊ ओवाळून झाले की त्याच पाटा-चटयांवर प्रार्थना सभा भरते. २०२६ मध्ये हे दोन दिवस १० आणि ११ नोव्हेंबरला आहेत. ११ तारखेला भाऊबीज आहे.