पट्टा कमरेला की काखेत?

१८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' लाँचला नौदलाची स्पीडबोट धडकली. तेव्हापासून गेटवेच्या लाँचवर लाइफ जॅकेट दिसू लागली, पण बरीच जॅकेटं बक्कल न लावता खांद्यावर लटकत असतात. अंगावर आहे ना, मग बुडणार नाही, अशी समजूत. ही समजूत किती घातक आहे, ते 'रोहना'च्या हकिगतीतून कळतं.

रोहना हे ब्रिटिश इंडिया कंपनीचं जहाज, मद्रास-सिंगापूर फेऱ्यांसाठी १९२६ साली बांधलेलं. खलाशी बहुतेक भारतीय. २६ नोव्हेंबर १९४३ च्या संध्याकाळी ते सुमारे २,००० अमेरिकन सैनिक घेऊन अल्जेरियाच्या किनाऱ्याजवळून चाललं होतं; सैनिकांना सुएझमार्गे भारताकडे यायचं होतं. जर्मन विमानाने सोडलेला, रेडिओने दिशा देता येणारा एचएस-२९३ हा पंखवाला बॉम्ब जहाजाच्या डाव्या कुशीत घुसला. १,०१५ अमेरिकन सैनिक आणि शंभराहून अधिक खलाशी गेले. सैनिकांपैकी बहुतेक स्फोटात नव्हे, पाण्यात मेले.

सैनिकांकडे हवा भरायचे रबरी पट्टे होते. सोडा सायफनमध्ये असतात तशा दोन छोट्या नळकांड्या दाबून फोडल्या की पट्टा फुगतो. तो काखेत चढवून मग फुगवायचा, हे अनेकांना कुणी शिकवलंच नव्हतं. त्यांनी तो कमरेलाच बांधला आणि पाण्यात ते उलटे झाले, डोकं खाली, पाय वर.

हे का होतं, ते बघू. पाण्यात बल दोनच: गुरुत्वमध्यातून (शरीराचं सगळं वजन जिथे एकवटलंय असं धरतात त्या बिंदूतून) खाली ओढणारं वजन आणि वर ढकलणारं प्लावक बल. बल गुणिले गुरुत्वमध्यापासूनची उंची, इतका त्याचा सरळ ठेवणारा किंवा उलटवणारा परिणाम. सरळ उभं तरंगायचं तर प्लावक बलाचा मध्य गुरुत्वमध्याच्या वर हवा. छातीत हवा असल्यामुळे तो वर असतो खरा, पण जेमतेम; हिशेबापुरता २ सेंटिमीटर धरू. शरीर ७२ किलो पाणी बाजूला सारतं असं समजू, म्हणजे ७२ × २ = १४४ इतका सरळ ठेवणारा परिणाम. आता डोकं पाण्याबाहेर काढलं की तिथलं ५ किलोचं प्लावक बल गेलं, तेही ६० सेंटिमीटर उंचीवरचं: वजा ३००. बेरीज वजा १५६. माणूस उलटायलाच बसलेला! १० किलो उचलणारा पट्टा कमरेला, म्हणजे जवळजवळ गुरुत्वमध्यावरच असेल, तर त्याचा वाटा शून्य. काखेत, ३५ सेंटिमीटर वर असेल, तर अधिक ३५०. बेरीज अधिक १९४. तोच पट्टा, तीच हवा, फक्त जागा वेगळी. त्यात पाठीवर सामान आणि डोक्यावर हेल्मेट असलं की गुरुत्वमध्य आणखी वर सरकतो.

रोहनावरच्या जीवरक्षक होड्यांचंही तसंच झालं. २२ पैकी ८ च पाण्यात उतरल्या. होडीच्या दोन्ही टोकांचे दोर एकसारखे सुटावे लागतात. एकीकडची कप्पी गंजाने किंवा रंगाच्या थरांनी अडकली की होडी एका टोकाला लोंबकळते आणि आतली माणसं समुद्रात ओतली जातात.

अशा जहाजाला अपशकुनी म्हणणारे आजही भेटतात. गंजलेल्या कप्पीचा शकुनाशी काय संबंध? जहाजाला नारळ जरूर वाढवा, पण कप्पीत ग्रीस घाला आणि महिन्यातून एकदा होडी खरोखर उतरवून बघा.

मांडव्याला जाताना हे करा: सगळी बक्कलं लावा आणि पट्टे इतके ओढा की खाली जेमतेम दोन बोटं जातील. मग कुणाला तरी जॅकेट दोन्ही खांद्यांवर धरून वर खेचायला सांगा. ते हनुवटीच्या वर सरकलं तर पाण्यातही सरकणार: जॅकेट वर राहील, माणूस खाली घसरेल. मुलाला मोठ्याचं जॅकेट दिलं की नेमकं हेच होतं. उडी मारायची वेळ आली तर दोन्ही हातांनी जॅकेट छातीशी घट्ट दाबून धरा. फुगवायचं जॅकेट असेल तर ते पाण्यात पडल्यावरच फुगवा.