हे खरे आहे काय?

अधिवेशन तोंडावर आलं की जिल्ह्याच्या सरकारी कार्यालयांत एक शब्द सारखा कानावर पडतो: 'एलएक्यू'. "साहेब एलएक्यूत अडकलेत, उद्या या." विधानसभेच्या तारांकित प्रश्नाचं हे कचेरीतलं नाव. मंत्रालयातून 'अतितात्काळ' शेऱ्याचं पत्र येतं आणि कुठल्याशा गावच्या पाणीयोजनेची फाईल बऱ्याच दिवसांनी कपाटाबाहेर निघते. मंत्री सभागृहात जे बोलणार, त्याचा पहिला खर्डा बहुतेकदा अशा एखाद्या टेबलावर, डबा बाजूला सारून लिहिलेला असतो.

प्रश्नाचा साचा ठरलेला आहे. सन्माननीय मंत्री 'पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय', एवढं म्हणून झालं की क्रमांक सुरू. अमुक गावात अमुक काम रखडले आहे, हे खरे आहे काय. असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय. चौकशीत काय आढळून आले व त्यानुसार कोणती कार्यवाही केली. नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? उत्तरालाही साचा आहे. 'हे खरे नाही.' 'हे अंशतः खरे आहे.' 'प्रश्न उद्भवत नाही.' यातलं 'अंशतः खरे' मला फार आवडतं. रस्त्याला खड्डे आहेत पण दहा नाहीत, आठच आहेत, एवढ्यावर ते लिहिता येतं.

विरोधी पक्षाचा आमदार मंत्र्याला जाब विचारतो म्हणतात. मग त्याची भाषा अशी अर्ज केल्यासारखी का? याचं उत्तर जवळजवळ सव्वाशे-दीडशे वर्षं मागं नेतं.

१८५३ च्या सनदी कायद्यानं गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलात कायदे करण्यासाठी जादा सभासद घेतले. ही मंडळी कायद्याच्या मसुद्यावर थांबली नाहीत, कारभाराबद्दलही विचारू लागली. लंडनला ते रुचलं नाही. कौन्सिल म्हणजे काही छोटी पार्लमेंट नव्हे, असं म्हणत १८६१ च्या कायद्यानं ते दार बंद केलं: समोर आलेल्या विधेयकावर बोला, इतर चौकश्या नकोत. पुढची तीस वर्षं असंच चाललं.

१८९२ च्या कायद्यानं प्रश्न विचारायचा हक्क दिला, पण कुंपण घालूनच. आधी सूचना द्यायची. प्रश्न माहिती मागणारा असावा, त्यात युक्तिवाद नको, तर्क नको, कुणाची निंदा नको. अध्यक्षाला वाटलं तर तो प्रश्न नाकारणार. आणि सर्वांत महत्त्वाचं कलम शेवटी: मिळालेल्या उत्तरावर चर्चा नाही. सरकार जे सांगेल ते ऐकायचं आणि खाली बसायचं. मध्यवर्ती कौन्सिलातला पहिला प्रश्न १८९३ च्या फेब्रुवारीत अवधातल्या भिंगाच्या राजानं विचारला. दौऱ्यावर आलेल्या अधिकाऱ्यांच्या सरबराईत गावच्या दुकानदारांना काय सोसावं लागतं, असा तो प्रश्न होता. विषय अजून जुना झालेला नाही.

उत्तरावर बोलता येत नाही म्हटल्यावर हुशार माणसं दुसरी वाट शोधणारच. गोपाळ कृष्ण गोखल्यांना ती अंदाजपत्रकात सापडली. त्याच कायद्यानं अंदाजपत्रकावर बोलायची मुभा दिली होती, मत द्यायची नव्हे. गोखले १८९९ मध्ये मुंबईच्या कौन्सिलात गेले. १९०१ मध्ये जमीन महसुलाच्या विधेयकावर सरकार ऐकेना, तेव्हा फिरोजशहा मेहतांबरोबर बाहेर पडलेल्या सभासदांत ते होते. आज रोज होणाऱ्या सभात्यागाची ही आपल्याकडची फार जुनी आवृत्ती. पुढच्याच वर्षी मेहतांच्या जागी ते मध्यवर्ती कौन्सिलात पोचले आणि मार्च १९०२ च्या पहिल्याच अर्थसंकल्पी भाषणात त्यांनी सरकारचेच आकडे सरकारपुढे ठेवले. तिजोरीत शिल्लक पडते म्हणून सरकार खूष होतं. गोखल्यांचं म्हणणं असं की ही शिल्लक भरभराटीची खूण नाही, दुष्काळानं खंगलेल्या लोकांकडून गरजेपेक्षा जास्त कर उपटल्याची खूण आहे. मिठावरचा कर कमी करा, हा आग्रह त्यांनी वर्षानुवर्षं सोडला नाही. १९०३ मध्ये मणामागं अडीच रुपयांचा कर दोन रुपयांवर आला आणि १९०७ पर्यंत एक रुपयावर. सगळं श्रेय एका माणसाला देणं बरोबर होणार नाही, पण सत्ताधाऱ्याला त्याच्याच कागदांत पकडायची रीत इथं नीट बसली, असं माझं मत आहे.

उपप्रश्न आला तो १९०९ मध्ये. मोर्ले-मिंटो सुधारणांनी मूळ प्रश्न विचारणाऱ्याला, आणि फक्त त्यालाच, उत्तरानंतर आणखी विचारायची परवानगी दिली. १९१९ च्या सुधारणांनंतर ती सर्वच सभासदांना मिळाली. बैठकीचा पहिला तास प्रश्नांसाठी राखून ठेवायची पद्धतही त्याच सुमारास पडली, आणि ज्याला तोंडी उत्तर हवं त्या प्रश्नापुढं चांदणी छापायचीही. तारांकितातली 'तारा' ती हीच. चांदणी असेल तर मंत्र्याला उभं राहावं लागतं आणि उपप्रश्न झेलावे लागतात. नसेल तर लेखी उत्तर पटलावर ठेवलं की काम संपलं.

हा फरक नीट लक्षात घ्यायला हवा, कारण पुढची सगळी ओढाताण त्यावरच झाली. प्रश्नाला कुठल्याही सरकारनं फारशी हरकत घेतलेली नाही. सरकार घाबरतं ते उत्तरानंतरच्या प्रश्नाला. छापील उत्तर खात्यानं आठवडाभर घोटून तयार केलेलं असतं, उपप्रश्नाला मात्र मंत्री आणि अधिकाऱ्यांच्या गॅलरीतून येणारी चिठ्ठी एवढाच आधार. चिठ्ठी यायला उशीर झाला की सभागृहाला लगेच कळतं.

याचा सर्वांत गाजलेला दाखला १९५७ चा आहे. त्या वर्षी जूनमध्ये नव्यानंच स्थापन झालेल्या आयुर्विमा महामंडळानं उद्योगपती हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांचे सुमारे १ कोटी २४ लाख रुपयांचे शेअर घेतले. दिल्लीच्या एका साप्ताहिकानं त्याला वाचा फोडली. ४ सप्टेंबरला लोकसभेत डॉ. रामसुभग सिंह यांनी विचारलं, ही बातमी खरी आहे काय? आपल्या तारांकिताच्या भाषेत सांगायचं तर पहिलाच भाग. उत्तर आलं, नाही. शब्दांत पाहिलं तर ते उत्तर निभावून नेण्यासारखं होतं, म्हणूनच पुरेसं नव्हतं. नोव्हेंबरमध्ये पुन्हा प्रश्न, पुन्हा सावध उत्तर. १६ डिसेंबरला फिरोज गांधींनी तारखा, भाव आणि कंपन्यांची नावं घेऊन सगळा व्यवहार उलगडला. चौकशी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांच्याकडे आली. त्यांनी ती मुंबईत जाहीरपणे चालवली, इतकी की गर्दीला ऐकू यावं म्हणून बाहेर ध्वनिक्षेपक लावावे लागले. फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला. गंमत अशी की रामसुभग सिंह आणि फिरोज गांधी दोघेही सत्ताधारी काँग्रेसचेच होते.

विरोधी बाकांवरून हे शस्त्र ज्यांनी धारदार केलं त्यांत पुण्याचे मधु लिमये वरच्या रांगेत. गोवा मुक्तीच्या सत्याग्रहात पोर्तुगीजांचा तुरुंग भोगून आलेला हा माणूस १९६४ च्या पोटनिवडणुकीत बिहारमधल्या मुंगेरहून लोकसभेत गेला. नियमांचं पुस्तक त्यांच्याइतकं कोळून प्यालेले सदस्य थोडे. औचित्याचा मुद्दा, हक्कभंग, उपप्रश्न, जे हाताला लागेल त्यानं ते मंत्र्याला परत त्याच जागी आणून उभं करीत. १९७४ मध्ये पुदुच्चेरीच्या व्यापाऱ्यांच्या आयात परवान्यांसाठी २१ खासदारांच्या सह्यांचं निवेदन पुढं आलं. त्यातल्या सह्या खोट्या निघाल्या आणि त्यावर विरोधकांनी सरकारची झोप उडवली, त्यात लिमये होतेच. वर्षभरात आणीबाणी आली. लिमये तुरुंगात गेले आणि संसदेचा प्रश्नोत्तराचा तासही गेला.

महाराष्ट्राच्या सभागृहांत या परंपरेला वेगळी माती लागली. इथले प्रश्न बरेचसे पाण्याचे, रेशनचे, भावांचे. १९७२ मध्ये गोरेगावातून निवडून आलेल्या मृणाल गोरे बाहेर महागाईविरुद्ध लाटणे मोर्चा काढत आणि आत मंत्र्यांकडे हिशेब मागत. त्यांचं 'पाणीवाली बाई' हे नाव त्याही आधीच्या लढ्यांतलं. सांगोल्याचे गणपतराव देशमुख ११ वेळा आमदार झाले, बहुतेक काळ विरोधात. दुष्काळी तालुक्याचं पाणी हा एकच विषय त्यांनी किती अधिवेशनांत किती तऱ्हांनी मांडला असेल! नागपूरचं हिवाळी अधिवेशन हाही या गोष्टीचाच भाग. १९५३ च्या नागपूर करारानं विदर्भाला दिलेल्या शब्दातून ते आलं, आणि विदर्भाच्या कापसाचे, धानाचे, अनुशेषाचे प्रश्न तिथं जोर धरतात.

कामकाजाची बोलीही इथली आहे. 'लक्षवेधी लागली', म्हणजे तातडीच्या विषयाकडं मंत्र्याचं लक्ष वेधणारी सूचना कामकाजात आली, हे मतदारसंघातल्या कार्यकर्त्यालाही ठाऊक असतं. उत्तर अंगाशी येऊ लागलं की विरोधक ओरडतात, "प्रश्न राखून ठेवा!" अध्यक्षांनी तसं केलं तर मंत्र्याला पुन्हा तयारी करून यावं लागतं. नाही तर मंत्री म्हणतो, तपासून घेऊ, बैठक लावू, चौकशी करू. हे शब्द हवेत विरतात असं नाही, निदान कागदावर तरी. सभागृहात दिलेल्या आश्वासनांचा माग ठेवायला समिती असते. लोकसभेची १९५३ पासून आहे, महाराष्ट्र विधिमंडळाचीही आहे. बैठक खरंच लागली का, हे मात्र त्या आमदारालाच विचारावं.

प्रश्नाला किंमत आली की तो विकलाही जातो. डिसेंबर २००५ मध्ये पैसे घेऊन प्रश्न विचारणारे खासदार छुप्या कॅमेऱ्यात सापडले आणि पंधरा दिवसांच्या आत दोन्ही सभागृहांतल्या ११ जणांना काढून टाकलं गेलं. त्यांत जळगाव आणि एरंडोलचे खासदारही होते.

मग २०२०. करोनाच्या सावटाखाली सप्टेंबरमध्ये भरलेल्या संसदेच्या पावसाळी अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तासच ठेवला नाही. सरकारचं म्हणणं होतं, अतारांकित प्रश्न चालू आहेत, लेखी उत्तरं मिळतील. म्हणजे विचारा, उत्तर घ्या आणि खाली बसा. १८९२ च्या नियमांत नेमकं हेच होतं. १९६२ च्या चीन युद्धातही तास रद्द झाला होता, पण तेव्हा सर्व पक्षांची त्याला संमती होती.

मुंबईत पक्षांच्या जागा उलट होत्या, प्रकार तोच. महाविकास आघाडीच्या काळात सप्टेंबर आणि डिसेंबर २०२० ची आणि जुलै २०२१ ची अधिवेशनं प्रत्येकी दोन दिवसांत आटोपली. दिल्लीत जे विरोधकांना नको होतं तेच इथं त्यांचेच पक्ष करत होते, आणि त्यावर इथला भाजप तक्रार करत होता. जुलैच्या अधिवेशनात पहिल्याच दिवशी भाजपचे १२ आमदार वर्षासाठी निलंबित झाले. जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते निलंबन रद्द केलं, कारण अधिवेशनाच्या पलीकडं असं कुणाला बाहेर ठेवता येत नाही.

२०२४ च्या निवडणुकीनंतर गणित आणखी बदललं. विरोधी पक्षनेतेपदासाठी एक दशांश जागा हव्यात असं धरलं जातं; २८८ च्या विधानसभेत एक दशांश म्हणजे २९. ठाकरेंच्या शिवसेनेला २०, काँग्रेसला १६, शरद पवारांच्या राष्ट्रवादीला १०. एवढ्या संख्येवर विरोधी पक्षनेतेपद द्यायचं की नाही यावरून पत्रं गेली, नावं सुचवली गेली, अधिवेशनं येऊन गेली आणि खुर्ची रिकामीच राहिली.

मुंदडा प्रकरण निघालं तेव्हा लोकसभेतही ती खुर्ची रिकामी होती, काँग्रेसपुढं कुणाचीच तेवढी संख्या नव्हती. ती भरली १९६९ मध्ये, काँग्रेस फुटल्यावर. लोकसभेचे पहिले मान्यताप्राप्त विरोधी पक्षनेते म्हणून तिच्यावर बसले ते डॉ. रामसुभग सिंह. बारा वर्षांपूर्वी सत्ताधारी बाकावरून उठून 'ही बातमी खरी आहे काय' असं विचारणारे.